डॉक्टरांनीच लिहून दिलेली अफू

माझी आत्या अफू खायची. आमच्या घरात हे वाक्य कुणी कधी तोंडातून काढलं नाही, म्हणून मी ते आधीच लिहून टाकते.

सकाळी शाळेत निघण्याआधी एक आणि संध्याकाळी दिवेलागणीला एक, अशा दोन गोळ्या ती घ्यायची. गोळी मसुराच्या दाण्याएवढी, वर दुधाचा घोट. घेऊन झाली की पदर सारखा करायची, काठी उचलायची आणि लंगडत शाळेला जायची. ती मुलींच्या प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवत होती. गोष्टींतले अफूबाज पेंगतात, लाळ गाळतात, घरातली भांडी विकतात. आत्या तशी नव्हती. तिच्या वर्गातल्या मुलींचे एकोणतीसपर्यंतचे पाढे पाठ असायचे आणि तिच्या पेटीला कुलूप नसायचं.

मी लहान असताना तापीच्या घाटावर पाय घसरून तिचा खुबा मोडला. हाडवैद्याने बसवला, पण तो नीट बसला नाही. एक पाय आखूड झाला आणि दुखणं कायमचं घरात राहायला आलं. ती रात्र रात्र उशीत तोंड खुपसून कण्हायची. तेव्हा माझे वडील, मुलांच्या शाळेत मास्तर होते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, तिला दवाखान्यात घेऊन गेले. दवाखान्याचं नाव इथे लिहीत नाही. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि अफू लिहून दिली. त्या काळी अफूचा सरकारी ठेका, म्हणजे परवान्याचं दुकान, असायचा. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि कचेरीचा शिक्का असला की एक जाड पिवळं कार्ड मिळायचं, आणि त्यावर दर आठवड्याला ठरलेल्या वजनाची अफू. कार्डाची मुदत दर वर्षी वाढवून घ्यावी लागे, त्यासाठी त्याच कार्डावर मोठ्या डॉक्टरांची सही लागे. ते करत गेले. दुखणं किती आहे, अफू कमी करता येईल का, हे त्यांनी पहिल्या वर्षानंतर कधी विचारलं नाही.

मग आमचं राज्य बदललं. आम्ही बुऱ्हाणपूरकर नागपूर सरकारचे होतो, ते भोपाळ सरकारचे झालो. आमच्या लालबाग वस्तीतल्या मराठी घरांत तेव्हा दुसरा विषयच नव्हता. शाळांचं काय होणार, अर्ज कुठल्या भाषेत करायचा, नोकरीची ज्येष्ठता कोण धरणार, हेच बोलणं. कचेरीतली जुनी दप्तरं गाठोडी बांधून कुठे कुठे गेली. अफूचं खाणं हळूहळू बंद करायचं हे सरकारने आधीच ठरवलं होतं, कार्डावरचं वजन थोडं थोडं घटतही होतं. पण आमच्याकडे ते हळूहळू झालंच नाही. एका सोमवारी नाना ठेक्यावर गेले तर दाराला कुलूप.

मी तेव्हा नुकतीच त्याच शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. नानांबरोबर मीही कचेरीत गेले. कारकून म्हणाला, कार्डांचं दप्तर वरून यायचंय, आलं की नवा परवाना निघेल, त्याला नवं सर्टिफिकेट लागेल आणि त्यावर खंडव्याच्या जिल्हा कचेरीतल्या साहेबांची सही. किती दिवस लागतील ते त्याला माहीत नव्हतं. तोपर्यंत काय करायचं, असं मी विचारलं. तो हसला.

"तोपर्यंत सोडून द्या की. चांगलंच आहे."

आत्याकडे दोन दिवसांची अफू होती. तिने तिच्या तीन दिवसांच्या गोळ्या केल्या. बुधवारी तीही संपली.

पहिल्यांदा जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. मग नाक आणि डोळे वाहायला लागले. मुलींना सांग मला पडसं झालंय, असं तिने मला बजावलं. शुक्रवारी सकाळपर्यंत तिला पाण्यासारखे जुलाब होत होते, पोटात गेलेलं सगळं उलटून पडत होतं, आणि पाय तिच्या ताब्यात नव्हते. अंथरुणावर ती पाय आपटत होती, विशेषतः तो आखूड पाय, आणि प्रत्येक आपटण्याला खुब्यातून कळ निघत होती. उन्हाळा तोंडावर होता तरी तिच्या हातांवर काटा उभा होता. आम्ही टांगा आणवला.

दवाखान्यात शिरल्यावर डाव्या हाताला तातडीची खोली होती. विंचू चावलेले, भाजलेले, डोकं फुटलेले तिथे आणायचे. बाहेर एक लांब बाक. आम्ही आत्याला त्यावर निजवलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला तुकईथड गावचा एक मजूर अंगाची मुटकुळी करून पडला होता आणि त्याची बायको जमिनीवर बसून त्याचे पाय धरून होती. त्याचेही पाय तसेच झटके देत होते. मी एकदा त्याच्याकडे आणि एकदा आत्याकडे पाहिलं आणि काही विचारायची गरज राहिली नाही. खोकल्यासाठी म्हणून त्याने अफू सुरू केली होती, बायकोने सांगितलं. तिकडचाही ठेका बंद झाला होता. तिने आपल्या तांब्यातलं पाणी आत्याच्या तोंडात घातलं आणि स्वतःच्या पदराने आत्याचे ओठ पुसले.

मोठे डॉक्टर आले. त्यांनी आत्याची नाडीसुद्धा पाहिली नाही. दारात उभे राहून त्यांनी नानांना विचारलं, अफू बंद झाली का. नाना हो म्हणाले.

"मग इथे कशाला आणलीत? ही जागा आजाऱ्यांची आहे. नशेचं दुखणं नशेनं येतं आणि उपाशी ठेवलं की जातं. चार दिवस खोलीत ठेवा. मास्तर, घरची अब्रू आहे, घरातच राहू द्या."

मजुराच्या बायकोला त्यांनी एवढंही सांगितलं नाही. हाताने फाटकाकडे खूण केली.

त्याच वेळी आतल्या टेबलावर मोहाची पिऊन सायकलवरून पडलेल्या एका इसमाचं कपाळ शिवत होते. दारूचा भपकारा बाकापर्यंत येत होता. त्याला कुणी म्हणालं नाही की ही जागा आजाऱ्यांची आहे, तुझं तू ओढवून घेतलंस, चार दिवस उपाशी राहा. त्याला सात टाके घातले, वर धनुर्वाताची सुई दिली. मी उभी राहून मोजत होते. रागाने माणसाला काय काय मोजावंसं वाटतं.

नाना आत्याला उचलायला वाकले. मी त्यांचा हात धरला. नानांशी मी कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी मी म्हणाले, "नाना, हिला इथून हलवायचं नाही. मी घरी जाऊन कार्ड घेऊन येते."

कार्डाने काय होणार, हे मलाही ठाऊक नव्हतं. त्यावर त्यांची सही आहे, एवढंच डोक्यात होतं. मजुराच्या बायकोने माझं बोलणं ऐकलं.

"बाई, तुम्हाले लिवता-वाचता येते, तुम्ही बोला," ती म्हणाली. "आम्हाले कोन पुसते?"

मी तिला सांगितलं, थांबा, मी आलेच, तुमच्यासाठीही बोलते.

टांगेवाल्याला घाई करायला लावून मी लालबागेला गेले, आत्याच्या पेटीतून कार्ड काढलं आणि परत आले. यायला तासभर लागला असेल. बाकावर आत्या होती, तिच्या उशाशी नाना होते, दुसरं टोक रिकामं होतं. वॉर्डबॉयने त्या दोघांना दोनदा हुसकलं होतं. देडतलाईवरून तुकईथडला जाणारी बस सुटायची वेळ झाली म्हणून शेवटी ती दोघं निघून गेली. मोठे डॉक्टर जेवायला घरी गेले होते.

तातडीच्या खोलीत तेव्हा नवे डॉक्टर होते. नव्या राज्याबरोबर जी माणसं बदलून आली त्यांतले हे एक. माळव्याकडचे, तिशीचे, अंगाने किरकोळ. बुऱ्हाणपुरात अशा माणसांबद्दल फार चांगलं बोललं जात नसे. आमच्या डोक्यावर आणून बसवलेत, असं म्हणत. त्यांच्या मराठीला मीसुद्धा हसले होते. ते 'दुखता है क्या' असं काहीतरी अर्धं अर्धं बोलायचे.

मी कार्ड त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते वाचलं, बाहेर आले आणि आत्याच्या बाकाशी उकिडवे बसले. डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, हातावरच्या काट्यावरून बोट फिरवलं, पोट दाबून पाहिलं. रोज किती घेता, असं विचारलं. आत्या म्हणाली, अगदी थोडी. ते तिथून उठले नाहीत.

"माँजी, मैं अफीम के खेतों वाले गाँव का हूँ," ते म्हणाले. "हमारे यहाँ हर दूसरे घर में कोई खाता है। सच बताइए, कितनी? मैं पुलिस नहीं हूँ।"

आत्याने करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं आणि दिवसाला दोन म्हणून दोन बोटं वर केली.

कपाटात अफूच्या अर्काची तपकिरी बाटली असायची, हगवणीच्या मिक्स्चरमध्ये घालायला. डॉक्टरांनी ती मागितली. कंपाउंडर अडला. मोठ्या साहेबांना विचारल्याशिवाय अमली माणसाला देता येणार नाही, सर्टिफिकेट हवं, खंडव्याची सही हवी, तो म्हणाला. डॉक्टर चिडले नाहीत. सही येईपर्यंत ही बाई काय करेल, असं त्यांनी त्याला विचारलं. मग ते म्हणाले, "मेरे दस्तख़त ले लो।"

त्यांनी थेंब मोजून पाण्यात घातले आणि आत्याचं डोकं आपल्या हाताने धरून पाजले. निम्मं उलटून पडलं. थोडं थांबून पुन्हा पाजलं. मीठ आणि साखर घातलेलं पाणी चमच्या-चमच्याने देत राहायला मला सांगितलं. अर्ध्या तासाने पाय थांबले. आणखी थोड्या वेळाने आत्याने डोळे उघडले आणि पहिलं काय बोलली असेल तर, "माझी वेणी सुटलीय, घालून दे." मी त्या बाकावर बसून तिची वेणी घातली. नाना भिंतीकडे तोंड करून उभे होते.

एवढंच होतं ते. पाण्यात मोजून घातलेले थेंब. बाटली दहा हातांवरच्या कपाटात होती, सकाळपासून.

डॉक्टरांनी नानांना समजावलं. रोज सकाळी शाळेच्या आधी यायचं, इथेच समोर घ्यायचं. काही दिवसांनी एक एक थेंब कमी करायचा. एकदम तोडायचं नाही, उपाशी तर मुळीच ठेवायचं नाही. सोमवारी या, कागद घेऊन या, असं ते म्हणाले नाहीत. उपचार त्याच दुपारी, त्याच बाकावर सुरू झाला होता. मग त्यांनी विचारलं, दुसरा माणूस कुठे आहे. वॉर्डबॉय त्यांच्याजवळ बोलला असावा. मी सांगितलं. त्यांनी लगेच ड्रेसरला सायकलने बसस्टँडवर पिटाळलं. बस गेली होती.

त्या बसचा कंडक्टर आमच्याच आळीत राहायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने ओट्यावर बसून नानांना सांगितलं ते मी आतून ऐकलं. तुकईथडचा माणूस देडतलाईच्या अलीकडेच गेला. सारखे जुलाब, सारख्या उलट्या, अंगात पाणीच उरलं नव्हतं. आधीच्या उलट्यांनी लोक कावले होते, प्रेत पाहून ओरडायला लागले, म्हणून त्याला देडतलाईला उतरवावं लागलं. बाजाराच्या कडेला बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. शेवटी एका गाडीवानाने दोघांना तुकईथडला नेलं. कंडक्टर हे सांगताना रडत होता. मला रडू आलं नाही. राग आला होता. थांबा म्हणून मी सांगितलं होतं. माझ्यावरही राग होता.

रविवारी सकाळी आत्याला घेऊन गेले तर तातडीच्या खोलीत गर्दी. मोठ्या डॉक्टरांनी अर्काची बाटली कुलपात ठेवली होती, किल्ली त्यांच्या खिशात होती आणि ते नव्या डॉक्टरांना सगळ्यांदेखत झाडत होते. ठेका बंद झाला म्हणून इथे उघडलात का, असं विचारत होते. नवे डॉक्टर हात मागे बांधून उभे होते.

मी वीस वर्षांची होते. मी पुढे झाले आणि पिवळं कार्ड टेबलावर उलगडून ठेवलं.

"ही सही कुणाची आहे?"

त्यांनी कार्डाकडे पाहिलं. "ते दुखण्यासाठी दिलं होतं."

"दुखणं अजून आहे. आणि ही सही एक नाही, दर वर्षाची आहे. अफू तुम्हीच लावलीत, आणि परवा तुम्हीच तिला हाकललंत. तिच्या शेजारी जो माणूस होता तो बसमध्ये मेला."

ते चष्मा पुसत म्हणाले, "मुली, अशी माणसं जायचीच."

ते वाईट माणूस होते असं गावात कुणी म्हटलं नसतं. प्लेगाच्या वेळी ते घरोघर फिरले होते, असं लोक सांगत. पण ते वाक्य त्यांनी किती सहज म्हटलं, जसं कुणी म्हणावं की केळीचं खालचं पान वाळायचंच. नवे डॉक्टर टेबलाशी गेले, रजिस्टर उघडलं आणि टाक दौतीत बुडवला.

"सर, मैं लिख देता हूँ कि मरीज़ के लिए दवा माँगी थी," ते म्हणाले, "और किसने मना की। बाद में कोई पूछे तो काग़ज़ रहे।"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी ते रजिस्टर पाहिलं. मग किल्ली टेबलावर टाकून राउंडला निघून गेले. आत्या त्या सगळ्या वेळात बाकावर ताठ बसून होती. थेंब घेतले आणि शाळेच्या वह्या तपासायला घरी आली.

उतार सोपा नव्हता. थेंब कमी झाला की दोन दिवस ती कुणाशी बोलत नसे, जेवण ढकलायची, माझ्यावर विनाकारण खेकसायची. खुबा दुखायचा तो दुखायचाच. डॉक्टरांनी शेक आणि तेल सांगितलं, झोपताना मांडीखाली उशी घ्यायला सांगितलं. त्याने थोडं बरं वाटायचं. गावात बोभाटा झाला. दोन घरांनी आपल्या मुली तिच्या वर्गातून काढल्या. एका आईने मला विचारलं, बाई शिकवताना शुद्धीवर असतात ना. मी सांगितलं, तुमच्या मुलीला एकोणतीसचा पाढा विचारा. तिने विचारला नाही.

थेंब निम्मे झाले तेव्हा आत्याने हट्ट धरला की तुकईथडला जायचं. नाना नको म्हणत होते. आम्ही दोघी बसने गेलो. त्या माणसाची बायको अंगणात कापसाच्या पळाट्या मोडत बसली होती. तिने आत्याला ओळखलं, खाट टाकली, पाणी दिलं. आत्याने काहीच लपवलं नाही. त्या दुपारी काय झालं ते सगळं सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं.

"त्याले भी थे दवा भेटली असती, तं?"

आत्या म्हणाली, "हो. वाचला असता."

मला वाटलं होतं ती आकांत करेल. तिने हातातली पळाटी मोडून बाजूला टाकली. मग तिने विचारलं, तो डॉक्टर अजून आहे का. तिचा दीरही अफू खायचा. कुठून तरी चोरून आणायचा, मिळाली नाही की तसाच लोळायचा. तिला आता दुसरं मढं घरातून काढायचं नव्हतं. दुसऱ्या सकाळच्या बसने तो आमच्याबरोबर आला आणि त्याच बाकावर त्याचाही उपचार सुरू झाला. मुक्कामाला तो आमच्या ओसरीवर होता. संध्याकाळी नानांनी स्वतःच्या हाताने त्याला मीठ-साखरेचं पाणी नेऊन दिलं.

पावसाळा संपता संपता नव्या डॉक्टरांची बदली झाली. तक्रार गेली होती, दवाखान्याची अफू अमली लोकांना वाटली म्हणून. कुणी केली ते सांगायची गरज नाही. त्यांना जंगलातल्या कुठल्या तरी दवाखान्यात पाठवलं. जाताना ते घरी आले, आत्याच्या पाया पडले, आणि शेवटचे थेंब कसे तोडायचे ते कागदावर लिहून देऊन गेले. तो कागद त्या अडलेल्या कंपाउंडरने सांभाळला. त्याने आत्याचे आणि त्या दिराचे शेवटचे थेंब न चुकता मोजले, आणि नंतर आणखी कुणी आलं तर मोठ्या डॉक्टरांना न विचारता बाटली काढायला लागला. आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. लंगडत, कुरकुरत, अफूशिवाय. तुकईथडचा दीरही सुटला. ज्याचं नाव मी बाकावर विचारायचं विसरले, तो नाही सुटला.

आणखी काही वर्षांनी मोठे डॉक्टर निवृत्त झाले. गावाने सत्कार ठरवला, समिती नेमली, नाना तिच्यात होते. माझं अक्षर चांगलं आणि मराठी बरी म्हणून मानपत्र मी लिहावं, असं सांगायला दोन गृहस्थ घरी आले. मी म्हणाले, लिहीन. त्यांनी प्लेगात किती घरं पालथी घातली तेही लिहीन आणि तुकईथडच्या माणसाबद्दल काय म्हणाले तेही लिहीन. दोन्ही चालत असेल तर कागद ठेवून जा.

त्यातले वयस्कर गृहस्थ मला समजावत म्हणाले, ताई, झालं गेलं, म्हातारा माणूस आहे, आता कशाला. नानाही खाली मान घालून म्हणाले, लिही गं, एवढं काय. आत्या आतून बाहेर आली, दाराला धरून उभी राहिली.

"ती लिहिणार नाही," ती नानांना म्हणाली. "आणि तू तिला सांगू नकोस."

गृहस्थ चहा अर्धा टाकून उठले. मानपत्र दुसऱ्या एका मास्तरांनी लिहिलं, चौकटीत बसवून दवाखान्याच्या व्हरांड्यात लावलं. मी तिथून पुष्कळदा गेले. वाचलं कधी नाही.